फायबर बोटीत कुबट वास येतो, पाणी दिसत नाही. गळती कुठं शोधायची?

तुमची २४ फुटी फायबर बोट उजनी धरणावर चालते, पुढच्या बाकाखाली कुबट वास येतो, पाणी कुठून शिरतं कळत नाही आणि बुरशी धरायच्या आत ते शोधायचंय. धरणावर दहा जण एकच सल्ला देतील: बोट ओढून काढा, तळाला काचेच्या धाग्यांची अजून एक मॅट मारा. ते करू नका. निदान पाणी कुठलं हे ठरल्याशिवाय तर नाहीच.

टेंभुर्णीकडच्या एका बोटीची तक्रार अगदी हीच होती. मालक आणि कारागीर दोघंही ठाम, की तळ गळतोय. दोन उन्हाळ्यांत दोनदा तळाला रेझिन चढलं. बोट जड झाली, वास होता तिथंच. शेवटी ती ठोकळ्यांवर घेतली, फळीखालच्या पोकळीत जिलेबीचा रंग कालवून चार बोटं पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं. (यात तीन-चारशे लिटर सहज बसतं, म्हणजे तेवढेच किलो. तळाच्या मधल्या कण्याखाली आधार कमी असेल तर तळ वाकतो, तेव्हा ठोकळे आधी मोजा.) सकाळी बाहेरून एक रंगीत थेंबसुद्धा नाही. आतलं पाणी बाहेर येत नसेल तर सहसा बाहेरचंही आत जात नाही, एवढं साधं आहे. तरी कारागिराचं म्हणणं, "पाण्यात उतरल्यावर गळते."

मग पाणी काढून आत सगळं कोरडं पुसलं. कडेच्या सांध्याला, बोल्टांभोवती आणि स्ट्रिंगरवर (तळाला आतून मजबुती देणाऱ्या लांब पट्ट्यांवर) खडूची पूड भुरभुरली. एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाइपाला नोझल नको आणि जोरही नको, पावसासारखं नुसतं वाहू द्यायचं. सुरुवात कायम खालून: आधी कडेच्या रबर बीडिंगखाली, मग दोर बांधायच्या खुंट्यांपाशी, शेवटी छताच्या पाइपांचे पाय. प्रत्येक जागी १० ते १५ मिनिटं. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. या बोटीत बीडिंग कोरडं निघालं, खुंट्या कोरड्या निघाल्या, आणि छताच्या सर्वांत पुढच्या पायाला पाणी लागताच आत पुडीत ओघळ उमटला. पायाचे चार स्क्रू उघड्या प्लायवूडमध्ये गेलेले. वाऱ्यानं छत हलतं, भोकं मोठी होतात, वरचा सिलिकॉनचा थर सुटतो. बोट नाक वर करून काठाला बांधलेली असते, म्हणून पाणी स्ट्रिंगरच्या कडेनं मागं गेलं आणि बाकाखाली फोमच्या ठोकळ्यानं निचऱ्याचं भोक बुजलं होतं तिथं अडलं. भोक पुढं, वास दीड मीटर मागं. तळ निर्दोष.

कोकणात पाणी जिभेला लावून समुद्राचं की पावसाचं ते सांगतात. आपल्याकडे दोन्ही गोडं, तेव्हा तो उपाय बाद. त्याऐवजी आरओवाल्याकडचा टीडीएस पेन घ्या, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. धरणाचं पाणी मोजा, मग बोटीतलं. पावसाचा आकडा बहुधा दोन अंकी येतो, धरणाचा शेकड्यात. मात्र प्लायवूडमध्ये मुरलेलं जुनं पाणी मोजू नका, त्याचा आकडा चढलेला असतो. आधी टिपून काढा आणि नवीन साचेल ते मोजा. घामटलेलं पाणी, म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं, पावसासारखंच कमी आकडा दाखवतं. ती शंका असेल तर आतल्या बाजूला वीतभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. तुमच्याकडच्या बाजूला ओल आली तर ती हवेतली, पाठीमागं आली तर पाणी आतून पाझरतंय.

पाण्यावर असताना रिकाम्या बोटीची पाणीरेषा मार्करनं आखून ठेवा. या मापाची बोट १ सेंटीमीटर खाली बसली म्हणजे सुमारे ९० किलो पाणी कुठंतरी लपलंय, बहुतेक फोममध्ये. अशा बोटीत प्रवासी घेऊ नका.

डेक ठोकून बघायला लहान हातोडीचा दांडा पुरतो. टणक आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे थर सुटलाय किंवा आत ओल आहे. खात्रीसाठी आतल्या बाजूनं ४ मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा तपकिरी, ओलसर निघाला तर तेवढा गाभा (फायबरच्या थरांमधलं प्लायवूड) गेला. मॉइश्चर मीटरवर एकट्यावर विसंबू नका, ॲल्युमिनियम जवळ असलं की तो भलतंच दाखवतो. प्लायवूडमध्ये २० टक्क्यांवर आकडा टिकून राहिला की बुरशीची वाट मोकळी.

दुरुस्तीत सिलिकॉन नको, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि वर्षानुवर्षं लोक ट्यूब घेऊन येतात. एकदा लावलं की त्या जागेवर पुढं रेझिन धरत नाही, रंग धरत नाही. पाय काढा, भोक दुप्पट मोठं करा, ओला गाभा खरवडा, पूर्ण वाळू द्या, घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, वाळल्यावर त्यातच नवं भोक पाडा आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावून स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घाला, खाली रुंद वॉशर. पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर ४२ अंशांत २ टक्के हार्डनर डब्यातच गोठवतं, १ टक्क्याच्या आसपास ठेवा. ओल्या प्लायवूडवर मारलेलं कुठलंच रेझिन टिकत नाही. फिनेल आणि डांबरगोळ्या वासासाठी आहेत, पाण्यासाठी नाहीत.

ही तपासणी मे अखेर करा, पावसाच्या आधी. पण उन्हाळ्यात मीटर कोरडा आकडा दाखवतो म्हणून निर्धास्त होऊ नका, पाइपानं भिजवल्याशिवाय निकाल नाही.

आणि तळ कधीच गळत नाही असंही नाही. पाणी आटलं की दगडांवरून ओढताना कणा झिजतो, काचेचे धागे दिसायला लागतात. मागच्या फळीत इंजिनाच्या बोल्टांची भोकंही बघाच. रंगीत पाण्याच्या चाचणीत थेंब आला तर तिथंच खूण करा आणि तेवढाच भाग घासून मॅट मारा, अख्खा तळ नव्हे. लाकडी होडीला मात्र यातलं बरंचसं लागू नाही. ती उन्हात सुकली की सांधे उघडतात आणि पाण्यात फुगून परत मिटतात. तिला दोन-तीन दिवस भिजू द्या, तोवर आत आलेलं पाणी मोजू नका.