ॲव्हरेज १७ वरून १२ वर आलंय, सेन्सर बदलू का?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी सात वर्षं जुनी आहे. आधी लिटरला १७ द्यायची, आता जेमतेम १२ देते. मेकॅनिकने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, फरक शून्य. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. आता तो म्हणतो ऑक्सिजन सेन्सर बदलू. बदलू का?

उत्तर: जरा थांबा. ऑक्सिजन सेन्सर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलेला असूही शकतो, पण तुमच्या पत्रातली एकही गोष्ट तपासून बदललेली नाहीये, सगळं अंदाजपंचे चाललंय. आधी मला सांगा हा १२ आला कुठून? डॅशबोर्डवरचा आकडा असेल तर तो सोडून द्या. पंपावर नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, गाडी वापरा, परत तशीच भरा आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. समजा ४१२ किमी झाले आणि ३१.७ लिटर बसलं तर १३. पण नोझल कधी लवकर कट होते कधी उशिरा, लिटर-दोन लिटर इकडेतिकडे झालं की आकडा सहज ५-६ टक्के हलतो, म्हणून निदान तीन टाक्यांची बेरीज करून भागा. आणि हो, मधे टायरचा साइज मोठा केलाय का? मोठ्या टायरने मीटर कमी किलोमीटर दाखवतो, म्हणजे ॲव्हरेज कागदावरच पडतं.

मोजूनही १२ च आलं तर मग मामला गंभीर आहे. १७ चा १२ होणं म्हणजे तेवढ्याच अंतराला ४० टक्क्यांहून जास्त पेट्रोल जळतंय. एवढा खड्डा छोट्या कारणाने पडत नाही. टायरची हवाच घ्या, चारही टायरमध्ये १ पीएसआय कमी असेल तर साधारण ०.२ टक्के फरक पडतो, म्हणजे १० पीएसआय कमी असली तरी जेमतेम २ टक्के. हवा भराच (टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायरवर छापलेला कमाल आकडा बघून नाही), पण चोर तिथे नाही. एअर फिल्टरचंही तेच. कार्बोरेटरच्या जमान्यात चोक झालेला फिल्टर पेट्रोल प्यायचा, इंजेक्शनच्या गाडीत कम्प्युटर आलेल्या हवेच्या हिशोबानेच पेट्रोल सोडतो त्यामुळे पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं नाही.

मोठ्या कारणांपैकी फुकटात तपासता येतं ते ब्रेक. थोडं अंतर चालवून, शेवटी ब्रेक फार न मारता थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या, डिस्कला हात लावू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच तापलं असेल तर ब्रेक धरतोय. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्या असतील, पिस्टन अडकला असेल, मागे असेल तर हँडब्रेकची केबल परत येत नसेल. जॅक लावून चाक फिरवून बघा, डिस्कला किंचित घासल्याचा आवाज चालतो पण हाताने फिरायला जड नको. पेट्रोलचा वास येतोय का हेही बघून घ्या, आणि येत असेल तर गाडी आधी गॅरेजला न्या, बाकी सगळं नंतर.

माझा सगळ्यात जास्त संशय मात्र थर्मोस्टॅटवर आहे, म्हणजे कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणाऱ्या वॉल्व्हवर. तो उघडाच अडकला की कुलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन नीट तापतच नाही आणि कम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच थंड सुरू केलीये, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, आणि असला तरी लहानसहान फरक तो दाखवत नाही. म्हणून स्कॅनर (गाडीच्या कम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटा बघायला सांगा. बहुतेक गाड्यांत गरम झाल्यावर कुलंट ८५ ते ९५ डिग्रीच्या आसपास टिकून राहायला पाहिजे, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की ६५-७० वर घसरत असेल तर सापडला. दिवा लागलेला नाही म्हणून सगळं ठीक, असं मानू नका.

स्कॅनर लावलाच आहे तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघून घ्या, म्हणजे कम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल सतत वाढवतोय (प्लस) किंवा कमी करतोय (मायनस) तो आकडा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण बरं. जास्त प्लस असेल तर कुठूनतरी चोरून हवा आत येतेय, हवेचा सेन्सर घाण झालाय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी आहे. जास्त मायनस म्हणजे पेट्रोल जादा जातंय, इंजेक्टर गळतोय किंवा पर्ज वॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा राहिलाय. आणि मग तो ऑक्सिजन सेन्सर. पुढचा (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा) साध्या प्रकारचा सेन्सर असेल तर गरम इंजिनवर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वरखाली होतं. ते सुस्तावलं असेल तर खुशाल बदला. मागचा (त्या डब्यानंतरचा) सेन्सर स्थिर दिसणं हे नॉर्मल आहे, तो बघून "सेन्सर डेड आहे" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

शेवटचं, तुमचं जाणं-येणं बदललंय का? आधी लांबचा प्रवास आणि आता रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर इंजिन तापायच्या आत गाडी बंद होते आणि असं ॲव्हरेज धडधाकट गाडीतही येऊ शकतं.

प्रश्न: उतारावर गाडी न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं ना?

उत्तर: इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंदच होतात आणि चाकं इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, वर इंजिन ब्रेकिंग (गिअरमधल्या इंजिनाने गाडीला धरून ठेवणं) जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर हे धोक्याचं आहे.

प्रश्न: इथेनॉलवालं पेट्रोल भरायला लागल्यापासून ॲव्हरेज कमी वाटतंय, की माझा भ्रम?

उत्तर: भ्रम नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात ६-७ टक्के घट हिशोबातच बसते. तेवढीच असेल तर गॅरेजच्या फेऱ्या मारू नका.

प्रश्न: पेट्रोलच्या पाइपला चुंबक लावलं की पेट्रोल पूर्ण जळतं म्हणतात, खरं का?

उत्तर: नाही. गरम झालेल्या चांगल्या इंजिनात जवळपास सगळं पेट्रोल असंही जळतंच. वाया जाते ती उष्णता, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून, तिथे चुंबक काय करणार.