‘आक्रमक’ मासा की ‘फोफावलेला’?

‘भूमध्य समुद्रात विदेशी आक्रमक माशांचा शिरकाव’ असा लायनफिशबद्दलचा मथळा वाचून धुळ्याच्या एका मित्राने विचारले आहे, “इथे ‘आक्रमक’ शब्द बसतो का? त्यापेक्षा ‘घुसखोर’ म्हटले तर?”

माझ्या मते दोन्ही नकोत. ‘विदेशी’ही नको.

मराठीत ‘आक्रमक’ हा शब्द स्वभाव सांगतो. फलंदाज आक्रमक असतो, भाषण आक्रमक असते. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते, हा मासा अंगावर धावून येत असणार. लायनफिश तर पर पंख्यासारखे पसरून खडकाच्या आसपास संथ तरंगत राहतो. त्याचे काटे विषारी आहेत, पण ते स्वतःच्या बचावासाठी. तो तिथले छोटे मासे फस्त करतो आणि त्याची संख्या वाढत जाते, खरा त्रास हा आहे.

‘घुसखोर’ म्हटले की चोरून हद्द ओलांडण्याचा हेतू आला. माशाला कसला हेतू? १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि लाल समुद्र भूमध्याला जोडला गेला. त्या वाटेने शेकडो जाती पलीकडे गेल्या. लायनफिशची तिथली पहिली नोंद १९९१मध्ये इस्रायलच्या किनाऱ्यावर झाली आणि २०१२नंतर तो लेबनॉन, सायप्रस, तुर्कस्तान असा झपाट्याने पसरला. या स्थलांतराला शास्त्रज्ञ ‘लेसेप्सियन’ म्हणतात, कालव्याचे प्रवर्तक फर्डिनांड द लेसेप्स यांच्यावरून. म्हणजे शास्त्राने नाव ठेवताना वाट खणणाऱ्याची आठवण ठेवली. ते मला फार पटते.

आता ‘विदेशी’. आपल्या तापीत, हतनूर धरणात रोहू आणि कटला सोडतात. दोन्ही भारतातलेच, पण मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. तापीला ते परकेच. म्हणून देशाच्या सीमेपेक्षा मूळ पाणी कोणते हे सांगणारा ‘परका’ शब्द मला नेमका वाटतो.

पण नुसते परके असणे हा दोष नव्हे. नंदुरबारची मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती शेतात लावली तिथेच राहते, रानात शिरून दुसऱ्या झाडांना हुसकत नाही. तिला कोण वाईट म्हणेल? चिलापीचे तसे नाही. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२मध्ये आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगतात, आणि तळे असो की धरण, तो तिथे वसतो आणि भरून टाकतो. परका, वसलेला, फोफावलेला अशा या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक परका तिसरीपर्यंत पोचत नाही.

‘फोफावणे’ हे क्रियापद आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचे आहे. पहिला पाऊस पडला की बांधावर गाजरगवत फोफावते, असे आपण सहज म्हणतो. त्यात बेसुमार वाढ आहे, दुसऱ्याची जागा खाणे आहे, आणि कुणाच्या हेतूवर आरोप नाही. ‘आगंतुक’ही सुचवला जातो, पण त्यात न बोलावता येणे तेवढे आहे, पुढे काय झाले ते कळत नाही. अहिराणीत ‘पाव्हना उना’, म्हणजे पाहुणा आला, म्हटल्यावर तो किती दिवस राहणार हे जसे कळत नाही, तसेच.

तेव्हा तो मथळा मी असा लिहिला असता: ‘भूमध्य समुद्रात परका लायनफिश फोफावला’.