दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट आत जातच नाही. ‘मम्मी मेकओव्हर’ करून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या बाळंतपणाला आठ महिने झालेत, वजन जवळपास पूर्वीइतकं आलंय, तरी लोक ‘कितवा महिना?’ विचारतात. बाळ अजून अंगावर पितंय. आणि एका क्लिनिकने ‘मम्मी मेकओव्हर’ म्हणून पोट, छाती, लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) अशी सगळी ऑपरेशनं एकाच भुलीत उरकून देतो म्हटलंय.

मी डॉक्टर नाही. धाकटी तीन वर्षांची असताना मी टमी टक, म्हणजे पोट आवळण्याचं ऑपरेशन, करून घेतला, एवढीच माझी पात्रता. छातीचं काही केलं नाही. मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी लिहिते.

मी ज्या पहिल्या सर्जनकडे गेले, त्यांनी मला उभ्यानेच पाहिलं, पोटाची वळी चिमटीत धरली आणि ‘लायपो करू’ म्हणाले. दहा मिनिटांत मी बाहेर. दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मला पाठीवर झोपवलं, गुडघे दुमडायला लावले आणि नुसती मान उचलायला सांगितली. पोटाच्या मधोमध एक उंचवटा उभा राहिला, आणि बेंबीच्या वर त्यांची तीन बोटं आडवी आत गेली. पोटाच्या पुढचे दोन उभे स्नायू मधल्या पट्टीने जोडलेले असतात. गरोदरपणात ती पट्टी ताणली जाते आणि काहींची परत आवळली जात नाही. साधारण दोन बोटांहून जास्त फट राहिली की डॉक्टर त्याला डायस्टेसिस म्हणतात. वजन उतरूनही पोट पुढे दिसतं, दिवसभरात आणखी फुगत जातं, ते बऱ्याचदा यामुळे. मी लायपो केलं असतं तर वरची चरबी गेली असती आणि पोट तसंच पुढे राहिलं असतं!

म्हणून आधी हे बघा की तुमची तक्रार चरबीची आहे, कातडीची आहे की स्नायूंची. लायपोसक्शन फक्त चरबी काढतं, आणि सैल कातडीवर केलं तर ती आणखी लोंबते. फट आणि जादा कातडी दोन्ही असेल तर पूर्ण टमी टक. त्यात स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, कातडी खाली ओढून जादाची कापतात आणि बेंबीसाठी नवीन छिद्र करतात. बेंबी जागच्या जागीच असते, कातडी तिच्यावरून सरकते. हे कळल्यावर मला उगाच हसू आलं होतं. बिघाड फक्त बेंबीच्या खाली असेल तर छोटा टमी टक पुरतो. बेंबीपाशी हर्निया असेल तर तोही बहुधा त्याच वेळी दुरुस्त होतो, त्यामुळे तो आहे का हे आधी तपासून घ्या.

स्ट्रेच मार्क्सबद्दल सगळ्या विचारतात. जी कातडी कापून टाकतात तिच्यावरचे जातात, उरलेल्या कातडीवरचे राहतात. माझे बेंबीच्या वरचे आता खाली आलेत, इतकंच.

पण आठ महिन्यांत ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका. फट सर्वांत जास्त पहिल्या दोनेक महिन्यांत भरते, मात्र पोटाच्या खोल स्नायूंना व्यायामाने नंतरही ताकद येते. मी पाच महिने फिजिओथेरपिस्टकडे जात होते. फट पूर्ण मिटली नाही, पण कंबरदुखी निम्म्यावर आली. काहींचं एवढ्यावर भागतं. ज्या व्यायामात पोटाच्या मध्यावर तो उंचवटा येतो, ते तूर्त टाळा. स्वतःच्या मनाने सिट-अप्स मारत बसू नका.

छातीचं तर आत्ता ठरवताच येणार नाही. दूध पूर्ण तोडल्यावर तीन ते सहा महिने थांबायला सांगतात, कारण तोवर आकार बदलत असतो. अंगावर पाजल्यामुळे छाती ओघळते असं आपल्याला ऐकवलं जातं, तेही तितकंसं खरं नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वय, गरोदरपणांची संख्या, वजन आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला, स्तनपानाचा दिसला नाही. तेव्हा बाळाचं दूध या कारणासाठी तोडू नका.

पुढे करायचंच झालं तर फरक लक्षात ठेवा. लिफ्टमध्ये छाती वर उचलली जाते, भरत नाही. भरण्यासाठी इम्प्लांट, म्हणजे आत बसवायची कृत्रिम पिशवी लागते, आणि ती जन्मभराची नसते. सिलिकॉनची असेल तर आतल्या आत फाटलेली बाहेरून कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) शिफारस आहे की पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. हे वाचलं आणि मी तो विषय मिटवला. चांगली ब्रा घेतली. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं.

‘एकाच भुलीत सगळं’ ऐकायला सोयीचं वाटतं आणि काहींच्या बाबतीत ते चालतंही. पण जितका जास्त वेळ टेबलावर, तितका पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. टमी टकमध्ये तो मुळातच असतो. मला म्हणूनच त्याच संध्याकाळी उठवून चालवलं. पुढच्या दिवसांत पोटरी एकाएकी सुजली, दुखली किंवा दम लागला तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच हॉस्पिटल. धूम्रपान असेल तर किमान चार आठवडे आधी बंद, नाहीतर जखम काळी पडू शकते.

क्लिनिकच्या यादीत ‘योनीचं लेझर’ (योनी घट्ट करण्याच्या नावाखाली करतात ते) असेल तर ते आधी खोडा. २०१८ साली एफडीएने अशा उपकरणांबद्दल इशारा दिला होता, कारण भाजणं, व्रण, कायमची वेदना अशा तक्रारी आल्या होत्या. खोकताना लघवी निसटत असेल तर तो सौंदर्याचा प्रश्नच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या.

आता घरातलं. ऑपरेशन साडेतीन तास चाललं. पहिला आठवडा मी कंबरेत वाकून चालत होते, झोप उशा लावून अर्धवट बसल्यासारखी, बाजूला ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या, दोन नळ्या. शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची. हे सगळं सोसवतं. सोसवत नाही ते दुसरंच. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, म्हणजे मूल उचलायचं नाही. माझी मुलगी तीन वर्षांची होती, समजावता येत होतं, तरी ती हात वर करून उभी राहायची आणि मी खाली बसून तिला जवळ घ्यायचे. तुमचं बाळ तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं असेल. आंघोळ, पाळण्यातून काढणं, रात्रीचं उठणं, हे सलग दीड महिना कोण करणार, त्याचं नाव ठरल्याशिवाय तारीख घेऊ नका.

कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत गेलेला व्रण वर्षभराने फिकट झाला, गेला नाही. बेंबीखालचा एक पट्टा अजून बधिर आहे. तरीही मी पुन्हा केलं असतं. तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर मात्र थांबाच. टमी टकनंतरही दिवस जाऊ शकतात आणि बाळाला सहसा धोका नसतो, पण शिवलेलं पुन्हा ताणलं जाऊ शकतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. त्या क्लिनिकमध्ये तुम्हाला झोपवून, मान उचलायला लावून पोट तपासलं का? तेवढं कळवा, मग पुढचं बोलू.