एकाच चुलीवरचं जेवून एकटीच जाड कशी झाली

तुमचा प्रश्न असा आहे की घरात सगळे तेच जेवतात, तरी एकटा धाकटा भाऊच 100 किलोच्या वर गेलाय, मग चूक त्याचीच नाही का, जिभेवर ताबा ठेवला तर वजन उतरणार नाही का. मला लगेच माझी अक्का आठवली, सख्खी मोठी बहीण.

आम्ही बेळगावात वडगावला वाढलो. आईच्या हातची एकच आमटी, तोच भात, त्याच जोंधळ्याच्या भाकऱ्या, आणि खरं सांगू का, जास्त खायची मीच. तरी माझ्या लग्नात मी 48 किलो आणि अक्का 70 च्या घरात. पै-पाहुणे तोंडावर म्हणायचे, "धाकटीच्या वाटणीचंपण हीच खातीय काय?" अक्का हसून आत जायची, आत जाऊन रडायची ते फक्त मला माहीत. एकदाच मला म्हणाली, "मी काय एवढं खातो गं, तूच बघतीस की रोज."

तर पहिली गोष्ट, एकच ताट म्हणजे एकच शरीर नव्हे. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास झाला होता, 1986 ला छापून आला, 540 जण होते त्यात. मोठेपणी त्यांची अंगकाठी गेली जन्म दिलेल्या आईबापांवर, ज्यांच्या घरी जेवून वाढले त्यांच्यावर नाही. आणि सख्ख्या भावंडांतसुद्धा जीन्स सरासरी अर्धेच सारखे असतात, त्यामुळे तुम्ही बारीक आणि भाऊ जाड यात काही आश्चर्य नाही. एफटीओ नावाच्या जीनचा वजनाशी संबंध 2007 ला कळला, त्याची जास्त वजनाची प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तर माणूस सरासरी 3 किलो जड असतो, आणि असे जीन्स पुष्कळ आहेत. भूक किती लागते, पोट भरलं हे डोक्याला कधी कळतं, हे त्यातनं ठरतं. मला दीड भाकरीत बस्स होतं त्यात माझा काही संयम नाहीये, मला भूकच तेवढी असते.

पण जीन्स काय वीस वर्षांत बदलत नाहीत, आणि वजनं तर वाढलीत. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 ला देशातल्या 20.6 टक्के बायकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 25 किंवा त्याच्या वर होता, 2019-21 ला 24 टक्के झाल्या. एवढ्या सगळ्या बायकांची जीभ चार वर्षांत एकदम सुटली असं तर नाही ना. मग बदललं काय?

आमच्या घरातलं सांगते. अक्का शिवणकाम करते. आधी पायाची मशीन होती, दिवसभर पाय चालायचे. मग ऑर्डर वाढल्या तशी भावजींनी मशीनला मोटार बसवून दिली, आता अंगठा टेकला की काम होतं. लग्नसराईत ब्लाऊज संपता संपत नाहीत, भावजी कारखान्यातनं येणार साडेदहाला, त्यांना गरम भात पाहिजे, ते जेवल्यावर ही जेवणार, एकला आडवी होणार, आणि पाणी सोडायचा दिवस असला की पहाटे चारला उठून भांडी भरणार. झोप कमी झाली की भूक वाढते, हे अभ्यासांत दिसलंय, आणि मधल्या वेळच्या भुकेला हाताशी काय तर पोरांचा पाच रुपयाचा बिस्किटांचा पुडा. अमेरिकेत 2019 ला 20 जणांना दोन आठवडे असं कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं खाणं दिलं, पाहिजे तेवढं खा म्हणून, तर तयार खाण्यावर तीच माणसं दिवसाला साधारण 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. पुड्याचंच तसं आहे.

मधे तिनं डाएटही केलं, एक वेळ फक्त ताक, 9 किलो उतरली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि वर्षात 11 किलो चढली. मग परत तेच, बघ, ताबा सुटला. चरबी कमी झाली की लेप्टिन, म्हणजे चरबीतनं डोक्याला पोट भरल्याचा निरोप देणारं हार्मोन, कमी होतं, डोकं उपासमार समजून भूक वाढवतं, आणि शरीर कॅलरी जाळायचं कमी करतं. टीव्हीच्या स्पर्धेत वजन उतरवलेले 14 जण सहा वर्षांनी तपासले तेव्हा त्यांचं शरीर अंदाजापेक्षा रोज 500 कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे अक्का हरली असं मी तरी म्हणणार नाही.

सगळ्यात राग मला एका दवाखान्याचा येतो. थायरॉईड नॉर्मल आला, तर डॉक्टर रिपोर्ट ढकलत म्हणाले, "काही नाही, खाणं कमी करा." झोपता कधी, जेवता कधी, दम्याला स्टेरॉईडच्या गोळ्या किती वेळा घेतल्या, काही विचारलं नाही. या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी हे सगळं विचारलं आणि कंबर मोजली. अक्का दिवसभर दुसऱ्यांच्या कंबरेला टेप लावते, स्वतःला कधी लावली नव्हती. 41 इंच. आपल्याकडच्या बायकांना 80 सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या वर गेली की मधुमेहाचा, हृदयविकाराचा धोका धरतात. पुरुषांना 90 सेंटीमीटर. त्यांनी बारीक व्हायला सांगितलंच नाही, 84 वरनं 6 किलो उतरवा म्हणाले. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, त्यातल्या एका गटाला 7 टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचं टार्गेट दिलं होतं, तर जवळजवळ तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण नुसती खोटी गोळी दिलेल्या गटापेक्षा 58 टक्क्यांनी कमी राहिलं.

आता जबाबदारी. आहे की, तिची आहे, आणि ती पाळते. पहाटे येळ्ळूर रोडला चालून येते, पुडे बंद केले. पण तिच्या हातात नव्हतं ते आम्हाला करावं लागलं. तिनं आठला जेवून घ्यायचं आणि भावजींनी आपला भात आपण गरम करायचा, यावर घरात महिनाभर भांडण चाललं. पाणी आता भाचा भरतो. आणि तिच्या घरी जाताना पोरांना बिस्किटं नेणारी मीच होते, ते मी थांबवलं. दीड वर्षात 79 झाली, जाडच दिसते, पण शुगर ताब्यात आहे.

तुमच्या भावाला काय सांगायचं ते नंतर बघा. आधी तो झोपतो किती, शिफ्ट कुठली, गोळ्या कसल्या चालू आहेत, आणि रात्री घरी आल्यावर त्याच्यासाठी काय झाकून ठेवलेलं असतं, एवढं विचारा, आणि फिजिशियनकडे जाताना तुम्ही बरोबर जा.