सूत्रात कंस कधी द्यायचा? सल्फेट, हायड्रॉक्साइड आणि मंडळी

तुमचा प्रश्न असा : मुलाला नववीची बहुअणू आयनं (अनेक अणूंची मिळून एकच प्रभार असलेली गाठोडी) पाठ आहेत, तरी सूत्र लिहिताना कंस आणि खालचे आकडे चुकतात, काय करावं?

पाठांतर राहू दे. अथणीकडच्या द्राक्षबागेतलं बोर्डो मिश्रण घ्या. एक टक्क्याचं करायला १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. एकत्र झाले की सल्फेट कॅल्शियमच्या वाट्याला येतं, हायड्रॉक्साइड तांब्याच्या. (खरी अभिक्रिया जरा गुंतागुंतीची आहे, नववीला एवढी पुरे.) या अदलाबदलीत सल्फेटमधला गंधक आणि चार ऑक्सिजन सुटे होत नाहीत, आख्खं गाठोडं हलतं. आतले अणू सहसंयुज बंधांनी, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन, बांधलेले असतात. धातूशी संबंध फक्त प्रभाराचा.

तो प्रभार येतो कुठून? गंधकाचे बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन ६, चार ऑक्सिजनचे २४, मिळून ३०. सल्फेटमध्ये मात्र ३२ असतात. वरचे दोन म्हणून उणे २, आणि तो सगळ्या गाठोड्याचा. पोरं इथंच घसरतात : एसओ४ मधला खालचा ४ बघून प्रभारही ४ धरतात.

आता कंस. कॅल्शियम अधिक २, हायड्रॉक्साइड उणे १, म्हणजे गाठोडी दोन लागणार : सीए(ओएच)२. कंस गाळून सीएओएच२ लिहिलं की २ एकट्या हायड्रोजनला लागतो आणि एक ऑक्सिजन हिशेबातून गायब. कॉपर सल्फेटमध्ये २ ला २ जुळतात, गाठोडं एकच, कंस नको. ॲल्युमिनियम अधिक ३ असल्यामुळे मेळ ६ वर बसतो : एएल२(एसओ४)३. यात ऑक्सिजन किती, ते मुलाला विचारा. १२ म्हणाला तर कंस कळला, ७ म्हणाला तर नाही.

नावाच्या शेवटी 'एट'चं 'आइट' झालं (सल्फेटचं सल्फाइट) की एक ऑक्सिजन कमी, प्रभार तोच. साखर कारखान्यात उसाच्या रसात चुना आणि सल्फर डायऑक्साइड सोडतात, तेव्हा तयार होतं ते कॅल्शियम सल्फाइट. सल्फाइडमध्ये ऑक्सिजनच नाही, गंधक एकटा. कार्बोनेटला एक हायड्रोजन आयन चिकटला की उणे २ चं उणे १ होतं. खाण्याच्या सोड्यात हेच हायड्रोजन कार्बोनेट असतं.

नववीच्या यादीत धन प्रभाराचं एकच, अमोनियम. अमोनियम सल्फेट लिहिताना कंस डावीकडे येतो, (एनएच४)२एसओ४, आणि तो नेमका विसरला जातो.