मागून ठोकलंय? मग आधी एवढं करा

दादा, घाबरू नका, पण "मागच्याने ठोकलं म्हणजे सगळी चूक त्याचीच" हे डोक्यातून काढा. अंतर राखायचं काम मागच्याचं, हे खरंच, पण तुम्ही वळणावर अचानक गाडी थांबवली असेल किंवा ब्रेकलाइट बंद असेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरण (भरपाई किती द्यायची ते ठरवणारं न्यायालयासारखं मंडळ) तुमचीही चूक टक्क्यांत धरतं आणि भरपाई तेवढी कापतं. परशुराम घाटात पावसात मला ठोकलं तेव्हा माझा उजवा ब्रेकलाइट लागतच नव्हता, २० टक्के तिथंच गेले.

म्हणून गाडी लगेच गॅरेजला टाकू नका! आधी फोटो काढा, फुटलेली काच, टायरच्या खुणा, सगळं. पोलिसांचा पंचनामा नीट वाचूनच सही करा. मान दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, "बरं वाटेल" म्हणत चार दिवस काढले की विमावाले म्हणतात दुखणं जुनंच आहे.

आणि रोख घेऊन कागदावर मिटवू नका, बरेच जण इथंच फसतात. प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत टाका, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालतो, रत्नागिरीचा माणूस पनवेलला ठोकला गेला तरी. कलमांचं नंतर बघू.