दान नावावर होतं की पडतं?

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती लोकांचं ‘कृपादान’ (पवित्र आत्म्याने भक्ताला दिलेली देणगी, जसं रोग बरे करणं) आणि आपलं ‘वरदान’ एकच का? आणि कृपादान एकदा मिळालं की कायमचं, की परत परत मिळतं?

पहिला भाग चटकन निकालात काढू. वर म्हणजे निवडलेलं. पसंती मागणाऱ्याची, आणि एकदा ‘तथास्तु’ म्हटलं की देणाराच अडकतो, भस्मासुर आठवा. कृपादानात मागणाऱ्याची पसंती चालत नाही. पवित्र आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देतो, असं प्रेषित पौल बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात लिहितो (१ करिंथ १२:११). म्हणून ‘अमक्याला रोग बरे करण्याचं वरदान आहे’ हे ऐकलं की माझं डोकं उठतं. आणि कृपादानासाठीच्या मूळच्या ग्रीक ‘खारिस्मा’ या शब्दावरून आपला ‘करिश्मा’ आला म्हणणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. करिश्मा फारसी आहे, जुना अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा. पुढाऱ्यांना शोभतो, त्यांच्याकडेच राहू द्या.

खारिस म्हणजे कृपा. ‘खारिस्मा’तला ‘मा’ हा आपल्या कर्मन्, नामन् यांतल्या ‘मन्’चा भाऊबंद. करण्यातून निपजतं ते कर्म, कृपा करण्यातून निपजतं ते खारिस्मा.

पण खरी गंमत आहे ती आपल्या ‘दाना’त. धर्मशास्त्राच्या व्याख्येत दान म्हणजे स्वतःचा हक्क सोडून तिथे दुसऱ्याचा हक्क निर्माण करणं. दिलेलं परत घेणं पाप. त्यामुळे ‘कृपादान’ वाचलं की मराठी माणसाला सातबारा नावावर झाल्यासारखं वाटतं! मात्र मराठीत आणखी एक दान आहे, सारीपाटावरचं. ते पडतं. फासे टाकले की पडतं, पुढच्या डावाला पुन्हा टाकावे लागतात, कालचा पौबारा आज सोंगटी हलवत नाही. माझं मत असं, की हे दोन शब्द नाहीतच. फासे जे देतात तेच दान. पुरावा मागू नका, कान आहे. आणि पौलाचं दान या दुसऱ्या जातीचं आहे. (फासे आंधळे असतात, आत्मा नाही, हे मलाही कळतं. पत्रं पाठवू नका.)

याला व्याकरणाचा आधार आहे. १ करिंथच्या १२व्या अध्यायात तीनदा ‘खारिस्माता इआमातोन’ येतं, दोन्ही शब्द अनेकवचनी: ‘बरे करण्यांची दानं’. एका माणसाला एक कायमची शक्ती द्यायची तर एवढी अनेकवचनं कशाला? दर बरे होण्यामागे एक वेगळं दान, असं वाचता येतं. मी तसंच वाचतो.

‘देवाची कृपादानं परत घेतली जात नाहीत’ हे रोमकरांस पत्रातलं वाक्य (११:२९) तोंडावर फेकणाऱ्यांनी आधीचे दोन अध्याय उघडावेत. तिथे चर्चा इस्राएलाच्या निवडीची चालली आहे, तुमच्या सभेतल्या प्रार्थनावीराची नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे धर्मपंडित बी. बी. वॉरफिल्ड. १९१८ साली त्यांनी चमत्कारांची दानं प्रेषितांच्या काळाबरोबर संपली असं ठासून मांडलं. केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन, म्हणजे धर्मजागृतीची लाट, सुरू झालं होतं, आणि त्यात मुली अन्य भाषांत बोलू लागल्याच्या (हेही एक कृपादानच) नोंदी आहेत. मुक्तीतल्या मुलींनी प्रिन्स्टनला विचारलं नव्हतं.

एक वाक्य मात्र माझ्या फाशांना जुमानत नाही. पौलाचा शिष्य तीमथ्य, त्याला दुसऱ्या पत्रात (१:६) सांगितलंय, तुझ्यात जे कृपादान आहे ते ‘आनाझोपिरेइन’ कर. आना म्हणजे पुन्हा, झो म्हणजे जिवंत, पिर म्हणजे आग. म्हणजे दान तिथेच आहे, राखेखाली. फासे ठेवा बाजूला, फुंकणी आणा.